बोल्यांचा दुसरा ठराव

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक पहिल्या पानावर सीताराम केशव बोले यांचे नाव घेतात आणि पुढे निघून जातात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले, प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू दिला नाही आणि म्हणून मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतः तळ्यावर जावे लागले, असा त्या कथेचा सांगाडा असतो. त्यात खोटे काही नाही. मात्र ठराव होऊनही काही बदलले का नाही, या प्रश्नाचे उत्तर ‘सवर्णांची मनोवृत्ती’ एवढ्यावर उरकले जाते. मनोवृत्ती होतीच, ती ठरावाच्या आधीही होती, नंतरही राहिली. कागदपत्रांतून ज्याचे उत्तर मिळू शकते तो प्रश्न याहून रुक्ष आहे: ठरावाची अंमलबजावणी नेमकी कोणाच्या गळ्यात घातली होती, आणि ती टाळणाऱ्याचे काय बिघडणार होते? हा प्रश्न बोले यांनी स्वतःच उपस्थित केला होता. पहिल्या ठरावानंतर तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, ते त्याच कायदेमंडळात दुसरा ठराव घेऊन उभे राहिले. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड पहिला ठराव पाळणार नाही, तिला सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. पहिला ठराव त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, दुसरा विस्मृतीत गेला. माझ्या मते बोले यांची राजकारणी म्हणून किंमत करायची तर ती दुसऱ्या ठरावावरून करायला हवी.

बोले हे काही सभा गाजवणारे पुढारी नव्हते. ते भंडारी समाजातले. मुंबईच्या गिरणगावात त्यांचे नाव आधी झाले ते कामगारांचा माणूस म्हणून. १९०९-१० च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेचे ते एक प्रमुख होते. ही सभा म्हणजे आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हे. गिरण्यांतले कामाचे तास कमी करा, अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई द्या, मजुरांच्या मुलांना शिकवा, राहायला बऱ्या खोल्या द्या, असे अर्ज सरकारकडे करायचे आणि मालक-मजुरांत तंटा पेटला की मध्यस्थी करायची, असे तिचे काम. पुढच्या पिढीच्या लाल बावट्याला ही अर्जबाजी मिळमिळीत वाटली तर नवल नाही. पण अर्ज लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते. आपली मागणी कोणाच्या अधिकारात येते, कोणत्या खात्याच्या कोणत्या कलमाखाली बसते, आणि ‘आमच्या हाती नाही’ असे उत्तर कुठून येऊ शकते, हे त्याला आधी पाहावे लागते. बोले यांच्या कायदेमंडळातल्या कामावर या सवयीची छाप आहे. ग्रामजोशांच्या प्रश्नाचेच उदाहरण घ्या. लग्नमुंजीला गावच्या वतनदार जोशाला बोलावले नाही, दुसऱ्याकडून किंवा आपल्याच जातीच्या माणसाकडून विधी करून घेतला, तरी त्या जोशाला दक्षिणेवर दावा लावता येई आणि न्यायालये तो मान्य करीत. बोले यांनी याविरुद्धचे जोशी बिल लावून धरले आणि १९२६ च्या कायद्याने न केलेल्या विधीची दक्षिणा वसूल करण्याचा हक्क संपला. पौरोहित्याच्या तत्त्वज्ञानावर एकही वाक्य न खर्चता वसुलीचा हक्क तेवढा कापून काढला. बोले यांची पद्धत ही अशी.

१९२३ चा ठरावही याच हातचा आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यवर्गाला वापरू द्यावेत, अशी त्याची शिफारस आहे. अस्पृश्यता पाप आहे की नाही, शास्त्राधार कोणता, हिंदू धर्माचे काय होणार, यातल्या कशालाही ठराव हात लावत नाही. पैसा कोणाचा आहे आणि ताबा कोणाचा आहे, एवढेच तो विचारतो. कर महारानेही भरलेला असतो. त्या कराच्या पैशातून बांधलेल्या विहिरीवर त्याला ‘दूर हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असू शकत नाही, ही त्यामागची विचारसरणी. अशा तऱ्हेचे फर्मान मराठी मुलखाला नवीन नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, सरकारी इमारती येथे शिवाशीव पाळण्यास मनाई केली होती. पण शाहू महाराज छत्रपती होते आणि हुकूम काढू शकत होते. बोले ज्या सभागृहात बसत होते त्याला १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी बोलण्याचा अधिकार दिला होता, पण सभागृहाचा ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. ठराव म्हणजे शिफारस. ती कितपत आणि कशी मानायची, हे सरकार ठरवणार.

सरकारने ते ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशात ठरवले. या आदेशाचे दोन भाग आहेत आणि सगळी गोम त्या दोन भागांच्या मधल्या फटीत आहे. पहिला भाग सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांविषयी: सर्व खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी. इथे हुकूम स्पष्ट आहे. दुसरा भाग स्थानिक संस्थांविषयी: कलेक्टरांनी आपापल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना, हा ठराव स्वीकारणे इष्ट आहे का याचा विचार करावा, असा सल्ला द्यावा. म्हणजे कलेक्टरने सल्ला द्यायचा, तोही स्वीकारण्याचा नाही, तर स्वीकारण्याच्या इष्टतेवर विचार करण्याचा. सरकारी लेखणीला कातडी वाचवण्याची कला अवगत असते, पण इतकी नजाकत क्वचित पाहायला मिळते. जिल्ह्याचा कलेक्टर शेतसारा तहकूब करायचा की नाही हे ठरवू शकत होता. तळ्यावर कोण पाणी भरणार, याविषयी मात्र त्याने नगरपालिकेला विचार करायला सुचवायचे होते. नगरपालिकेने विचार केला आणि ‘नाही’ म्हटले, तर आदेशात पुढे काही नाही. तिने कलेक्टरचे पत्र दप्तरात ठेवून दिले, तरी पुढे काही नाही.

आता पाणवठे बहुतांशी कोणाकडे होते? सरकारच्या स्वतःच्या ताब्यात कचेऱ्या, कोर्टे, मोठे दवाखाने होते. रोज ज्याच्याशी गाठ पडते ते सारे, म्हणजे गावची तळी, रस्त्याकडेच्या विहिरी, धर्मशाळा आणि प्राथमिक शाळा, नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे होते किंवा त्यांच्याकडे चालले होते. ‘चालले होते’ हे मुद्दाम म्हणतो, कारण १९२३ या एकाच वर्षात मुंबई इलाख्यात परस्परविरुद्ध दिशांनी दोन गोष्टी घडल्या. एकीकडे बोले यांचा ठराव झाला. दुसरीकडे त्याच वर्षीच्या लोकल बोर्ड कायद्याने या मंडळांत लोकनियुक्त सभासदांचे वजन वाढले आणि त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे देण्याची सोय केली. द्विदल राज्यपद्धतीत स्थानिक स्वराज्य हे मंत्र्यांच्या हाती दिलेले खाते होते. स्थानिक संस्थांना जास्तीत जास्त मोकळीक देणे हा त्या काळच्या प्रागतिकतेचा भाग होता. पण या संस्थांचा मतदार कर आणि मालमत्तेच्या अटींवर ठरत होता. अस्पृश्यांतले फारच थोडे त्यात बसत. म्हणजे सत्ता लोकांच्या जवळ आली, आणि ज्या लोकांच्या जवळ आली त्यांच्याच तळ्यावर अस्पृश्याला मज्जाव होता. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे आंबेडकरांनी जे शिक्षणविषयक निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवणे थांबवावे अशी मागणी आहे. स्वराज्याच्या जमान्यात अशी मागणी उलट्या दिशेची वाटेल. पण ‘इष्टतेवर विचार’ करण्याचा सल्ला मिळालेल्या मंडळांचा अनुभव घेतल्यावर ती करण्यात आली होती, हे विसरू नये.

महाडची नगरपालिका या बाबतीत वाईट नमुना नव्हती. उलट चांगल्यांपैकी होती. तिने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून आपले तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले. म्हणजे कलेक्टरच्या सल्ल्यावर विचार झाला, इष्टता पटली, स्वीकारही झाला. आणि तरी तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने त्या तळ्यावर घागर भरली नाही. नगरपालिकेने ठराव केला, पण तळ्याभोवतीच्या घरांतून विरोध झाल्यास आपण काय करणार, हे ठरवले नाही; कदाचित ते तिच्या आवाक्यातही नव्हते. शहरात अनुकूल माणसे नव्हती असे मुळीच नाही. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, समाजसेवेत मुरलेले अनंतराव चित्रे, आणि दासगावकडचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी १९२४ पासून कुलाबा जिल्ह्यात आंबेडकरांची परिषद भरवायची खटपट चालवली होती. १९ आणि २० मार्च १९२७ ला ती परिषद भरली. दुसऱ्या दिवशी चित्रे उठले आणि नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे तर आपण सर्वांनी जाऊन त्याचे पाणी घ्यावे, असे त्यांनी सुचवले. मिरवणूक चवदार तळ्यावर गेली. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्याबद्दल पाच जणांना जूनमध्ये चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले यांचा पहिला ठराव मंजूर झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारखांचा हा मेळ कुणी जुळवून आणला नसणार. पण ठरावाची ताकद किती होती हे त्यातून उघड होते. जो स्वीकार ऐच्छिक होता, तो मागे घेणेही ऐच्छिकच होते.

इथे बोले यांच्या १९२६ च्या मागणीचे महत्त्व कळते. महाडच्या घटनेच्या आधीच त्यांनी ओळखले होते की पहिल्या ठरावात दात नाहीत, आणि दात कुठे बसवायचे हेही ओळखले होते. स्थानिक संस्थांना स्वातंत्र्य होते, पण त्या स्वावलंबी नव्हत्या. रस्ते, शाळा, पाणी यांसाठी त्या सरकारी अनुदानावर अवलंबून असत. जी संस्था सरकारचा पैसा घेते तिच्यावर सरकार अट घालू शकते, आणि ही अट घालायला ना नवा कायदा लागतो ना धर्मात ढवळाढवळ करावी लागते. शिवाय मुंबई सरकारला ही कल्पना अपरिचित नव्हती. जी अनुदानप्राप्त शाळा अस्पृश्यांच्या मुलांना प्रवेश नाकारील तिला अनुदान मिळणार नाही, असा सरकारी ठराव १९२३ मध्येच निघाला होता. खासगी चालकांच्या शाळेला जी अट लावता येते ती सरकारी कायद्याने जन्मलेल्या नगरपालिकेला का लावता येऊ नये, या प्रश्नाला तर्काने उत्तर देणे अवघड होते. दुसऱ्या ठरावातली मागणी तेवढीच होती. पहिल्या ठरावात ‘पैसा कोणाचा’ हा हक्क ठरवण्याचा निकष होता. दुसऱ्यात तोच पैसा अंमलबजावणीचे साधन झाला. दोन्ही ठराव एकत्र वाचले की एक पुरते धोरण दिसते, आणि एकटा पहिला वाचला की सदिच्छा दिसते. इतिहासाने पहिलाच वाचला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो हलका नाही. कायदेमंडळातल्या ठरावांना एवढे महत्त्व कशाला द्यायचे? तळे खुले झाले ते लोकांनी मार खाऊन पाणी प्यायल्यामुळे. बोले यांनी सभागृहात उभे राहून वाचलेल्या चार ओळींमुळे नाही. महाडला गेलेल्यांच्या धैर्याचा वाटा कुठल्याही ठरावाला देता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण सत्याग्रहींनी स्वतः ठरावाकडे कसे पाहिले? चित्र्यांनी परिषदेत जी सूचना मांडली तिचा आधारच नगरपालिकेचा ठराव होता, आणि नगरपालिकेचा ठराव बोले ठरावातून आलेला. आंबेडकरांनी तळ्याचा प्रश्न भूतदयेचा किंवा हिंदूंच्या औदार्याचा होऊ दिला नाही. आधीच मान्य झालेला नागरी हक्क आम्ही बजावत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेला कागदाचा आधार होता म्हणून हल्लेखोर फौजदारीत शिक्षेस पात्र ठरले आणि पाणी पिणारे ठरले नाहीत. केरळातल्या वायकोमला १९२४-२५ मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह झाला, तेव्हा अशा ठरावाचा आधार हाताशी नव्हता. तिथे सत्याग्रहीच तुरुंगात गेले. लढा ठरावाने जिंकला, असे माझे म्हणणे नाही. कोणत्या बाजूने कायद्याच्या आत उभे राहायचे आणि कोणत्या बाजूने बाहेर, हे मात्र १९२७ च्या मार्चमध्ये ठरावाने ठरवले होते. डिसेंबरमध्ये ते पुन्हा डळमळीत झाले. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी आंबेडकर आणि इतरांवर दिवाणी दावा लावला, १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला, आणि २५ डिसेंबरला सत्याग्रहासाठी जमलेल्यांना तळ्यावर न जाता परतावे लागले. मनुस्मृतीचे दहन डिसेंबरच्या या परिषदेत झाले. पाणी मात्र कोर्टाच्या ताब्यात गेले.

त्या दाव्याचा निकाल माझ्या युक्तिवादाला पूर्णपणे अनुकूल नाही, हेही सांगायला हवे. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. ८ जून १९३१ ला महाडच्या दिवाणी न्यायालयाने, नंतर ठाण्याच्या अपिलात आणि शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांच्या विरुद्ध निर्णय दिला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया होते. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश, आणि पुढे बारडोलीच्या साऱ्याच्या चौकशीत मॅक्सवेल यांच्यासोबत बसलेले. त्यांच्या निकालात बोले ठरावाच्या जोरावर हक्क दिलेला नाही. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी तसा प्रयत्न कुणी केला असेल हेच संशयास्पद आहे, असा न्यायालयाचा सूर होता. म्हणजे खटला रूढीच्या पुराव्यावर निकालात निघाला. तरीही लढत कोणत्या जमिनीवर झाली ते पाहा. तळे खासगी की नगरपालिकेचे, हा दाव्यातला एक मुख्य मुद्दा होता, आणि वादींना ते खासगी ठरवायचे होते. ते का? कारण १९२३ नंतर ‘सार्वजनिक’ या शिक्क्यात धोका होता. तळे नगरपालिकेचे ठरले आणि वगळण्याचा हक्क सांगणाऱ्यांना रूढीची काठी तेवढी हातात उरली. ती न्यायालयाने मोडली. बोले यांच्या निकषाने खटला जिंकून दिला नाही, पण विरुद्ध पक्षाला कुठे उभे राहावे लागेल हे ठरवून टाकले.

दुसरा आक्षेप दुसऱ्या ठरावालाच आहे. अनुदान तोडायचे म्हणजे गावाची शाळा, दवाखाना, रस्ता यांवर घाला घालायचा. ज्या गावात अस्पृश्य आधीच सर्वांत गरीब आहेत तिथे हा घाला त्यांच्यावरही पडणार, आणि वर ‘तुमच्यामुळे गावाचे नुकसान झाले’ असा राग त्यांच्यावरच निघणार. शिवाय निवडून आलेल्या संस्थेला पैशाच्या धाकाने वाकवणे हे स्थानिक स्वराज्याच्या तत्त्वाला धरून आहे का? यातला पहिला भाग खरा आहे. अनुदान बंद होण्याची झळ कोणाला बसेल हे बोले यांच्या ठरावात सुटलेले नाही. पण धाकाचा उपयोग तो अमलात आणण्यापेक्षा आधी जास्त असतो. महाडच्या सभासदांना ऑगस्ट १९२७ मध्ये ठराव मागे घेताना अनुदान जाईल अशी खात्री असती, तर तो इतक्या सहजपणे मागे घेतला गेला असता असे वाटत नाही. त्या दिवशी टिपणीस-चित्रे यांच्या बाजूच्या माणसांच्या हातात नैतिकतेशिवाय काही नव्हते. ‘पालिका कर्जात बुडेल’ हे वाक्य त्यांच्या कामी आले असते. सुधारणावादी सभासदाला आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडायला एक व्यावहारिक कारण मिळवून देणे, हा या मागणीचा खरा उपयोग. स्थानिक स्वराज्याच्या तत्त्वाविषयी म्हणाल, तर ज्या स्वराज्यात गावातल्या काही माणसांना मतही नाही आणि पाणीही नाही, त्याला त्या तत्त्वाचे संरक्षण मागण्याचा अधिकार कितपत पोचतो?

तिसरी मर्यादा बोले यांच्या निकषातच आहे. ‘सार्वजनिक पैसा’ हे माप धरले की खासगी विहिरी आणि देवळे आपोआप बाहेर राहतात. कोकणातल्या खोतांच्या आणि वाड्यांच्या कितीतरी विहिरी या मापाच्या पलीकडे होत्या, आणि खेड्यातल्या अस्पृश्याचा रोजचा अपमान नगरपालिकेच्या तळ्यापेक्षा अशा ठिकाणी अधिक होत असे. हे माप घेतल्यामुळेच ‘तळे आमचे खासगी’ असा दावा करण्याची पळवाट महाडकरांना सुचली, हेही खरे. बोले यांनी कमी मागितले, असे म्हणता येईल. पण १९२३ च्या कायदेमंडळात ‘अस्पृश्यता बेकायदा’ असा ठराव आला असता तर चर्चा धर्माच्या अंगणात गेली असती, आणि तिथून ती कुणाच्या हाती लागली नसती. त्यांनी मुद्दाम अशी जागा निवडली जिथे विरोधकाला शास्त्र काढता येत नव्हते. त्याला कराच्या पैशाचा हिशेब द्यावा लागत होता.

पुढच्या घडामोडींत या हिशेबाचे धागे ठळक दिसतात. नोव्हेंबर १९२८ मध्ये डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांच्या ठरावावरून मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर, सोळंकी आणि ठक्करबाप्पा तिचे सभासद होते. बोले ठरावाला पाच वर्षे लोटल्यावरही दलितवर्गाच्या स्थितीची चौकशी करायला समिती लागावी, ही पहिल्या ठरावाच्या अपयशाची सरकारी कबुलीच. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने सामाजिक अडवणूक हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा कायदा केला. इष्टतेचा विचार करण्याची सवलत त्यात उरली नव्हती. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत जो निर्बंध घातला आहे, त्यात ‘पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या’ हा निकष आहे, आणि त्याला ‘सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या’ जागांची जोड दिली आहे. ही जोड महत्त्वाची, कारण बोले यांच्या मापाबाहेर राहिलेल्या बऱ्याच जागा तिने आत घेतल्या. त्यांच्या दुसऱ्या ठरावातली कल्पना यायला आणखी पाच वर्षे लागली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या ९ व्या कलमात, सरकारकडून जमीन किंवा पैसा घेणाऱ्या सार्वजनिक पूजास्थानाचा व्यवस्थापक या कायद्याखाली दोषी ठरला, तर ते अनुदान थांबवण्याचा किंवा परत घेण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. बोले तेव्हा हयात होते. १९६१ मध्ये ते वारले. ज्या देवळांना त्यांनी १९२३ मध्ये हात लावला नव्हता तिथपर्यंत त्यांचे साधन पोचले होते. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांसाठी त्यांनी ते १९२६ मध्ये मागितले होते, त्यांचा त्या कलमात उल्लेख नाही.